लाकडी छपराचे अर्थशास्त्र : साग, साल आणि बांबू यांचा तौलनिक अभ्यास

जनगणनेच्या घरयादीत छपरासंबंधी एक साधा प्रश्न असतो : छप्पर प्रामुख्याने कशाचे आहे? २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत या प्रश्नाच्या उत्तरांमध्ये गवत, पेंढा, बांबू, लाकूड आणि माती यांना एकाच गटात बसविण्यात आले होते. याउलट, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने पक्क्या बांधकाम साहित्याची जी व्याख्या वापरली आहे, तीत सिमेंट, काँक्रीट, भाजलेली वीट, दगड, कौल आणि धातूचा पत्रा यांच्या जोडीला इमारती लाकडाचाही समावेश आहे. म्हणजे एकाच वस्तूला एक शासकीय यंत्रणा गवताच्या रांगेत बसविते, तर दुसरी काँक्रीटच्या. घरबांधणीच्या योजना, गृहनिर्माणाची आकडेवारी आणि दारिद्र्याचे निर्देशांक यांत 'कच्चे' व 'पक्के' हे शब्द वारंवार येतात. त्यामुळे हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, छपराचा टिकाऊपणा आणि त्याची खरी किंमत साहित्याच्या नावावरून ठरत नाही. लाकडाची जात व त्यावरील प्रक्रिया, देखभालीचे श्रम, कुटुंबाला मिळणाऱ्या भांडवलाचा व्याजदर आणि ते लाकूड मिळविण्याचा कायदेशीर हक्क या चार गोष्टींवरून ती ठरते. हे समजून घेण्यासाठी छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील जामुल व त्याच्या परिसराचा विचार उपयुक्त ठरेल.

जामुलचा परिसर

जामुल हे भिलाईला लागून असलेले नगरपालिका क्षेत्र आहे. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये कार्यान्वित झाली. त्यानंतर १९६५ मध्ये जामुल येथे एसीसी कंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, हा सिमेंटसाठी कच्चा माल ठरतो. त्यामुळे पोलाद आणि सिमेंट हे दोन्ही उद्योग येथे परस्परांना पूरक ठरले.

या औद्योगिक पट्ट्याभोवती शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील भातशेतीचा सपाट प्रदेश आहे. तेथील जुन्या घरांवर लाकडी सांगाडा आणि त्यावर हाताने घडविलेले मातीचे कवेलू अशीच रचना आढळते. छत्तीसगडीत या कवेलूला 'खपरा' म्हणतात. 'कवेलू' हा शब्द विदर्भातील वाचकास परिचित आहे. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर ही एकाच प्रशासकीय घटकाची अंगे होती. गोंदिया, गडचिरोली, राजनांदगाव व दुर्ग यांची घरबांधणीची परंपरा आणि निस्ताराची, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगलातून लाकूडफाटा घेण्याची, पद्धत बरीचशी सारखी आहे. म्हणूनच जामुलचे उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व भागालाही लागू पडते. कारखान्याच्या धुराड्याखाली स्वस्त सिमेंट व पत्रा, आणि काही अंतरावर जंगलाचे लाकूड, असे दोन पर्याय येथील कुटुंबासमोर शेजारीशेजारी उभे असतात.

लाकडाची दोन कामे : सांगाडा आणि आच्छादन

लाकडी छपराची तुलना करताना सर्वप्रथम लाकडाचे काम कोणते, हे स्पष्ट केले पाहिजे. लाकूड दोन प्रकारे वापरले जाते.

पहिला प्रकार आच्छादनाचा. हिमाचल प्रदेश व काश्मीर या भागांत देवदाराच्या फळ्या किंवा लहान चपट्या तुकड्या एकावर एक बसवून छप्पर शाकारण्याची परंपरा आहे. उत्तर अमेरिकेत सीडार या वृक्षाचे लाकूड याच कामासाठी वापरले जाते. थंड हवामान, तीव्र उतार आणि राळयुक्त लाकडाची उपलब्धता यांमुळे तेथे हे शक्य होते. मध्य भारतात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लगेच चार महिन्यांचा पाऊस सुरू होतो. अशा हवेत उघडी फळी तडकते, वाकते आणि वाळवीला बळी पडते. शिवाय आगीचा धोका असतोच.

दुसरा प्रकार सांगाड्याचा. आढे, तुळया, वासे आणि रिपा हे छपराचे अवयव लाकडाचे असतात आणि आच्छादन मातीचे, पत्र्याचे किंवा गवताचे असते. मध्य भारतातील 'लाकडी छप्पर' म्हणजे मुख्यतः हाच प्रकार. जनगणनेत केवळ वरचे आच्छादन नोंदले जाते. सालाच्या सांगाड्यावरील कवेलूचे घर 'कौलारू' म्हणून मोजले जाते आणि त्याखालचे लाकूड आकडेवारीत दिसतच नाही. त्यामुळे ग्रामीण घरांमध्ये किती लाकूड गुंतलेले आहे, याचा अंदाज छपराच्या आकडेवारीवरून बांधता येत नाही.

लाकडांची तुलना

साग : डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या गुणांची तुलना करताना सागाला १०० मानून इतर जातींचे निर्देशांक काढले. सागाचे वजन प्रतिघनमीटर सुमारे ६५० किलोग्रॅम असते. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही आणि ऋतुमानानुसार तो फारसा फुगत किंवा आकसत नाही. मात्र दारे-खिडक्या व फर्निचर यांसाठी त्याला मोठी मागणी असल्याने छपराच्या सांगाड्यात तो वापरणे सर्वसामान्य कुटुंबाला परवडत नाही.

साल : हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष आहे. त्याचे लाकूड सागापेक्षा जड, प्रतिघनमीटर ८०० किलोग्रॅमच्या वर भरणारे, आणि अधिक मजबूत असते. रेल्वेच्या स्लीपरसाठी ते दीर्घकाळ वापरले गेले. त्याचा गाभा अत्यंत टिकाऊ, परंतु बाहेरचा पांढरा भाग लवकर किडतो. साल वाळविताना तडे जातात आणि गाभ्यात रासायनिक द्रव्य मुरत नाही. म्हणून सालाच्या बाबतीत गाभ्याचे लाकूड निवडणे हाच टिकाऊपणाचा मुख्य उपाय ठरतो.

बिजा आणि ऐन : बिजाचे लाकूड टिकाऊ व कीडप्रतिबंधक असते. ऐन, ज्याला छत्तीसगडमध्ये साजा म्हणतात, जड व मजबूत असला तरी वाळताना फाटतो. सालाला स्थानिक पर्याय म्हणून वासे व तुळयांसाठी या दोन्ही जाती वापरल्या जातात.

बांबू : वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. मध्य भारताच्या जंगलांतील भरीव बांबू कामट्या, रिपा आणि हलके वासे यांसाठी वापरला जातो. त्याची वाढ जलद होते आणि तीन-चार वर्षांत काठी पक्व होते. परंतु त्यातील पिष्टमय द्रव्यामुळे पोखरणारे भुंगेरे त्याला लवकर लागतात. प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीला लागून १ ते ३ वर्षे, तर छपराखाली साधारणतः ४ ते ७ वर्षे टिकतो. बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करून तो पावसापासून सुरक्षित ठेवल्यास १५ वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ टिकू शकतो. म्हणजे एकाच बांबूचे आयुष्य प्रक्रियेमुळे दुप्पट-तिप्पट होते. बांबूच्या अशा प्रक्रियेसाठी भारतीय मानक ब्यूरोने स्वतंत्र मानक (आयएस ९०९६) निश्चित केले आहे.

छपराचा भार

सांगाड्याला किती लाकूड लागेल, हे आच्छादनाच्या वजनावर अवलंबून असते. मंगळुरी कौलाचा कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे सुरू केला. ही यंत्राने दाबलेली कौले एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि त्यांचे वजन ४० किलोग्रॅमच्या आसपास भरते. हाताने घडविलेल्या कवेलूंचा दुहेरी थर याहून जड होतो. याउलट, अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचे वजन प्रतिचौरस मीटर सुमारे १५ किलोग्रॅम आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या जस्तलेपित लोखंडी पत्र्याचे ४ ते ५ किलोग्रॅम असते. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन मात्र सुमारे २५० किलोग्रॅम भरते.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. एक, कवेलूऐवजी पत्रा घातल्यास सांगाड्याचे लाकूड बरेच कमी लागते. दोन, जड छप्पर केवळ खर्चाचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीचा जाड थर असलेली माळवदे आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. हलक्या छपराचा धोका वेगळा असतो. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांचे पत्रे उडाले. कौले फुटली, तर फुटलेली तेवढीच बदलता येतात. उडालेला पत्रा मात्र बहुधा संपूर्ण बदलावा लागतो.

खर्च कसा मोजावा?

बहुतेक कुटुंबे छपराची निवड सुरुवातीच्या खर्चावरून करतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने योग्य मापदंड आयुष्यखर्चाचा, म्हणजे सुरुवातीचा खर्च, देखभाल आणि बदलण्याचा खर्च यांच्या बेरजेचा आहे. वेगवेगळ्या आयुष्याच्या वस्तूंची तुलना करण्यासाठी हा खर्च 'वार्षिक समतुल्य खर्चा'त रूपांतरित केला जातो. मूळ रक्कम कर्जाऊ घेऊन वस्तूच्या आयुष्यभरात समान वार्षिक हप्त्यांनी फेडायची झाल्यास जो हप्ता पडेल, तोच वार्षिक समतुल्य खर्च होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, प्रक्रिया केलेल्या बांबूच्या सांगाड्याचा खर्च १०,००० रुपये असून तो १० वर्षे टिकतो. सालाच्या सांगाड्याचा खर्च २५,००० रुपये असून तो ४० वर्षे टिकतो. देखभालीचा खर्च दोहोंत समान धरू.

- व्याज विचारात न घेतल्यास : बांबू १,००० रुपये, साल ६२५ रुपये प्रतिवर्ष.
- व्याजदर ३ टक्के असल्यास : बांबू सुमारे १,१७२ रुपये, साल १,०८२ रुपये.
- व्याजदर ८ टक्के असल्यास : बांबू सुमारे १,४९० रुपये, साल २,०९७ रुपये.
- व्याजदर २४ टक्के असल्यास : बांबू सुमारे २,७१६ रुपये, साल ६,००० रुपये.

या उदाहरणात साधारण ४ टक्क्यांच्या खाली व्याजदर असेल, तरच साल स्वस्त ठरतो. येथे विद्यार्थ्यांनी एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा. भविष्यातील किमती आजच्या पातळीवर स्थिर धरल्या असतील, तर व्याजदरही महागाई वजा केलेला, म्हणजे वास्तविक, घेतला पाहिजे. तसेच जुन्या घराच्या सालाच्या वाशांना बाजारात किंमत मिळते. हे अवशिष्ट मूल्य वजा केल्यास सालाची बाजू थोडी बळकट होते.

उदाहरणाचा खरा बोध धोरणात्मक आहे. सावकाराकडून २४ टक्क्यांनी कर्ज घेणारे कुटुंब अल्पायुषी छप्पर निवडते, तेव्हा त्याला अज्ञानी म्हणता येत नाही. त्याच्या व्याजदराला तोच निर्णय तर्कसंगत असतो. टिकाऊ घराचा प्रश्न म्हणूनच बांधकामतंत्राइतकाच पतपुरवठ्याचाही प्रश्न ठरतो.

देखभालीचे श्रम आणि संधी खर्च

कवेलूचे छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. कवेलू उतरवून फुटलेले बाजूला काढणे, कुजलेल्या कामट्या बदलणे आणि पुन्हा ओळी लावणे, हे काम घरातील माणसे व शेजारी मिळून करीत. शेतीप्रधान गावात हे दिवस पेरणीपूर्वीचे, तुलनेने मोकळे असत. त्या श्रमांचा संधी खर्च, म्हणजे त्या वेळात अन्यत्र मिळू शकणाऱ्या उत्पन्नाचा त्याग, कमी होता.

औद्योगिक पट्ट्यात हे समीकरण बदलते. कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुराला शाकारणीसाठी सुटी घेतल्यास रोजी बुडते. शाकारणी जाणणारे कारागीर कमी झाल्याने त्यांची मजुरीही वाढते. यामुळे कवेलूची किंमत स्थिर राहिली तरी कवेलूचे छप्पर महाग होते आणि पत्रा अथवा स्लॅब सापेक्षतः स्वस्त ठरतो. या बदलाला 'आधुनिकतेची ओढ' एवढेच कारण देणे अपुरे आहे.

मात्र पत्र्याचाही एक लपलेला खर्च असतो. लाकडाची उष्णतावाहकता काँक्रीटच्या सुमारे एक दशांश असते आणि कवेलूंच्या फटींतून हवा खेळते. लोखंडी पत्र्याखालील खोली उन्हाळ्यात दुपारी राहण्यायोग्य राहत नाही. पंखा व कूलर यांचे वीजबिल आणि उष्म्यामुळे घटणारी कार्यक्षमता हा पत्र्याच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगासह फुप्फुसांचे गंभीर विकार होतात, हे सिद्ध झाले आहे. असे पत्रे कापताना, छिद्रे पाडताना आणि तोडताना ही जोखीम विशेष असते.

वनकायदा आणि टंचाई

छत्तीसगडचे नोंदलेले वनक्षेत्र राज्याच्या सुमारे ४४ टक्के आहे. तरीही तेथील सामान्य कुटुंबाला सालाची तुळई सहज मिळत नाही. ही टंचाई निसर्गाइतकीच कायद्याच्या चौकटीतूनही निर्माण झालेली आहे. तिचे महत्त्वाचे टप्पे पुढीलप्रमाणे :

- १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचाही समावेश केला. त्यामुळे बांबूची तोड व वाहतूक परवान्याच्या कक्षेत आली.
- १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने पर्यावरणीय समतोलाला प्राधान्य दिले आणि लाकडाला पर्याय वापरण्यावर भर दिला.
- १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. ती २०२० मध्ये उठविण्यात आली.
- १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात होणारी वृक्षतोड थांबविली.
- २००६ च्या वनहक्क अधिनियमाने निस्ताराचे हक्क मान्य केले आणि बांबूला गौण वनोपज ठरविले. इमारती लाकूड मात्र या व्याख्येबाहेर राहिले.
- नोव्हेंबर २०१७ मधील अध्यादेशाने व त्यानंतरच्या दुरुस्ती अधिनियमाने वनेतर जमिनीवरील बांबू 'वृक्ष' या संज्ञेतून वगळला.

वनहक्क अधिनियमाच्या अंमलबजावणीतील ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे आहे. एप्रिल २०११ मध्ये तेथील ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. बांबू आणि साल यांतील आजचा महत्त्वाचा आर्थिक फरक येथेच आहे. बांबूवर ग्रामसभेचा आणि शेतकऱ्याचा हक्क प्रस्थापित होत गेला, तर साल मुख्यतः शासकीय आगारातून मिळणारी वस्तू राहिली.

पूरक वस्तू आणि उपजीविका

चहा आणि साखर हे पूरक वस्तूंचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. वासे आणि कवेलू यांचे नाते तसेच आहे. सालाचे वासे दुर्मीळ झाले की जड कवेलू पेलणारा सांगाडा उभारता येत नाही आणि कवेलूची मागणी घटते. त्यामुळे जंगलातील तोड थांबल्याचा परिणाम गावातील कुंभाराच्या भट्टीवर होतो, जरी कुंभाराने स्वतः सालाचे झाड तोडलेले नसते. बांबूच्या बाबतीत हेच नाते महाराष्ट्रातील बुरूड आणि छत्तीसगडमधील बंसोड व कंडरा या समाजांच्या उपजीविकेशी जोडलेले आहे. वनसंवर्धनाच्या धोरणाचे मूल्यमापन करताना अशा अप्रत्यक्ष परिणामांचा विचार आवश्यक ठरतो.

पर्यावरणीय हिशेब

कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. एका घनमीटर सालात ७०० किलोग्रॅम कोरडे लाकूड धरल्यास ३५० किलोग्रॅम कार्बन, म्हणजे सुमारे १.३ टन कार्बन डायऑक्साइडइतका साठा होतो. वासा छपरावर असेपर्यंत तो साठा टिकून राहतो. याउलट, सिमेंटचा क्लिंकर तयार करताना केवळ चुनखडीच्या विघटनातून प्रतिटन अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनाचे उत्सर्जन त्याव्यतिरिक्त असते. झोतभट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटमध्ये क्लिंकरचे प्रमाण घटते, म्हणून भिलाई-जामुल पट्ट्यातील हा संयोग पर्यावरणाच्या दृष्टीने लाभदायक आहे.

तथापि, लाकडाचा हा लाभ सशर्त आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले नाही, तर हिशेब उलटतो. सालाचे पुनरुज्जीवन संथ असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सालभुंग्याच्या प्रादुर्भावामुळे मध्य प्रदेशातील मंडला परिसरात मोठ्या प्रमाणावर सालाची झाडे तोडावी लागली होती. म्हणून सालाचा वापर मर्यादित आणि निवडक, तर बांबूचा वापर विस्तृत, ही दिशा अधिक समर्थनीय वाटते.

धोरणाची दिशा

प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण घटक २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात किमान २५ चौरस मीटर क्षेत्राच्या पक्क्या घरासाठी सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १.३० लाख रुपये साहाय्य निश्चित करण्यात आले. प्रादेशिक साहित्य व हवामान यांना अनुरूप घरांचे नमुने 'पहल' या संग्रहात एकत्र करण्यात आले आहेत. असे असूनही लाभार्थ्याच्या मनात पक्के घर म्हणजे स्लॅब, हे समीकरण घट्ट बसलेले आहे.

वरील विवेचनाच्या आधारे काही उपाय सुचविता येतात. घरांच्या गणनेत आच्छादनाबरोबर सांगाड्याचीही नोंद व्हावी आणि प्रक्रिया केलेले लाकूड व बांबू यांना गवतापासून वेगळे स्थान मिळावे. राष्ट्रीय बांबू अभियानांतर्गत तालुका पातळीवर बांबू-प्रक्रियेच्या टाक्या उभाराव्यात, कारण बांबूचे आयुष्य वाढविण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. गृहदुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे छोटे कर्ज उपलब्ध करावे. निस्तार आगारांतील पुरवठा नियमित व पारदर्शक असावा.

सारांश, साग गुणांत श्रेष्ठ पण महाग, साल मजबूत पण दुर्मीळ आणि बांबू स्वस्त पण प्रक्रियेवर अवलंबून, अशी ही तुलना आहे. यांपैकी योग्य कोणते, हे त्या घरातील हात, त्या घराला मिळणारे कर्ज आणि त्या गावाचा जंगलावरील हक्क पाहूनच ठरविता येते. छपराला कच्चे किंवा पक्के म्हणण्यापूर्वी एवढी पाहणी आवश्यक आहे.

सरावासाठी प्रश्न

१. जनगणना आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण यांच्या व्याख्यांतील फरकाचा गृहनिर्माणविषयक आकडेवारीवर कोणता परिणाम होऊ शकतो?

२. व्याजदर वाढल्यास अल्पायुषी साहित्य सापेक्षतः स्वस्त का ठरते? उदाहरणासह स्पष्ट करा.

३. बांबूच्या कायदेशीर स्थितीतील १९२७ ते २०१७ या काळातील बदलांचा ग्रामीण उपजीविकेच्या संदर्भात आढावा घ्या.